डावी पाकळी

गोव्यातली मंडळी आजकाल कुळगीला जातात ती जंगल बघायला. दांडेलीहून अंबिकानगरच्या रस्त्याला लागले की दहा-बारा किलोमीटरवर वनखात्याचे निसर्ग शिबिर लागते. तंबू आहेत, जंगलाची ओळख करून देणारे छोटेसे संग्रहालय आहे, पहाटे जीपमधून फेरी असते. शनिवारी-रविवारी आपल्याकडच्या गाड्या मोले, अनमोड, रामनगर करीत तिथे पोचतात. वाघ बहुधा कुणालाच दिसत नाही. धनेश दिसतो, शेकरू दिसते, आणि मंडळी त्यावर खूश होऊन परततात. सोमवारी कचेरीत सांगायला एवढे पुरते.

माझे कुळगी वेगळे आहे. माझ्यासाठी कुळगी म्हणजे मावशीचे घर. आईची ही धाकटी बहीण, अंत्रुज महालात जन्मलेली आणि वाढलेली. गोवा मुक्त झाल्यावर दोन वर्षांनी, १९६३ साली, तिला इकडे दिली. काका दांडेलीच्या लाकूड डेपोवर कारकून, आणि कुळगीला थोडी भातशेती. आजी म्हणे लग्न ठरल्यावर आठ दिवस रडत होती, मुलीला रानात टाकली म्हणून. मावशी मात्र रडली नाही. तिला रान आवडले. पुढे काका गेले, मुलगे नोकरीला लागले, एक दांडेलीला आणि एक हुबळीला, पण ती काही कुळगी सोडून हलली नाही.

या घराची भाषा हा एक मजेचा विषय होता. घरात कोकणी, बाजारात कन्नड, कागद गिरणीतल्या लोकांशी हिंदी, आणि देवापुढे मराठी! पोर्तुगीज अमदानीत आमच्या गावच्या देवळाच्या अग्रशाळेत मराठी शाळा भरायची, तिथे मावशी चार यत्ता शिकली होती. श्रावणात ती ‘पांडवप्रताप’ लावायची. चष्म्याची एक काडी तुटलेली, तिथे दोरा बांधलेला, पण वाचन खणखणीत. शेजारच्या बायका ऐकायला यायच्या. हे सारे मी का सांगतो आहे ते पुढे येईल.

आणखी एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. मावशी वर्षातून एकदा तरी गोव्यात यायची ती देवीला कौल लावायला. गोव्यातल्या वाचकांना हा प्रकार सांगायला नको. मूर्तीला ओल्या पाकळ्या लावायच्या, पुजाऱ्याने गाऱ्हाणे घालायचे, आणि मग वाट पाहत बसायचे. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नको. गाय घ्यायची, विहीर कुठे खणायची, थोरल्याला सांगून आलेली मुलगी करावी की नाही, सगळे देवीला विचारून. लहानपणी मी तिच्याबरोबर गर्भागाराबाहेर ताटकळत बसायचो. एकदा डावी पाकळी पडली. बाजूच्या एका शहाण्याने सुचवले की गाऱ्हाणे जरा फिरवून घाला, परत लावा. मावशी एवढी संतापली! डावी पडली तर ऐकायचे नसेल तर विचारले कशाला, म्हणाली, आणि आम्ही तडक बस पकडली. त्या गाईचा व्यवहार मोडला. पुढे ती गाय दुसऱ्याकडे चांगली दूध देत होती, पण मावशीला त्याचे काही नव्हते.

आता २०१२ साल. ऑगस्ट महिना, कुळगीला पाऊस कसा पडतो ते पाहिलेल्यालाच कळेल. मावशी सत्तरीला टेकलेली. साखर होती, गोळ्या कधी घ्यायची, कधी नाही. शेतात पायाला काहीतरी लागले, काटा असेल. तिने हळद भरली आणि कुणाला सांगितले नाही. साखरेने पायाची जाणीव गेलेली, त्यामुळे दुखलेही नाही. थोरला शनिवारी घरी आला तेव्हा वासावरून कळले. घोट्यापर्यंत पाय काळा पडला होता.

घाटावरच्या एका मोठ्या इस्पितळात नेले. मला फोन आला, आणि मी रात्रीची गाडी पकडून पोचलो. घरातला मी शिकलेला, मास्तर, म्हणून अशा वेळी मला बोलावण्याची रीत. शल्यविशारदांनी आम्हाला बाहेरच्या गल्लीत घेतले आणि अर्ध्या हिंदीत, अर्ध्या इंग्रजीत सांगितले की गुडघ्याखाली पाय कापावा लागेल. आजचा दिवस हातात आहे, उद्या विष वर चढेल. त्यांच्या सांगण्यात काही खोट नव्हती. माणूस कामाचा होता, थकलेला होता, त्याच्यामागे आणखी सहा रुग्ण उभे होते.

मावशीची खाट तिथून दहा पावलांवर होती. ती जागी होती.

आम्ही तिघांनी काय केले? तिला सांगायचे कसे, यावर गल्लीत खलबत केले. धाकटा म्हणाला, सांगितले तर ती नको म्हणेल. थोरला म्हणाला, तापात आहे, तिला कुठे काही कळते. हे थोडे खरे होते. आदल्या रात्री ती मला काकांच्या नावाने हाक मारत होती. पण सकाळी, चहा पाजताना, तिने मला ओळखले, गाईला कुणी पिळले म्हणून विचारले, आणि वासराला दोन आचळ सोडायला सांग म्हणून निरोपही दिला. रात्री गढूळ, सकाळी निवळ. ही सकाळ आम्हाला सोयीची नव्हती, म्हणून आम्ही रात्र धरून चाललो.

आम्ही तिला सांगितले की पाय साफ करायला नेणार आहेत. तिने विचारले, किती वेळ लागेल? मी म्हटले, तासभर.

मग कागद आला. वर इंग्रजी, खाली कन्नड. परिचारिकेने सरळ शाईची डबी पुढे केली. नऊवारीतली म्हातारी, रानातली, सही कुठे येणार! ‘पांडवप्रताप’ वाचणाऱ्या बाईचा अंगठा मी माझ्या हातात धरला, शाईत बुडवला आणि कागदावर टेकवला. खाली साक्षीदार म्हणून सही केली ती माझी. आजही तो अंगठा माझ्या बोटांना आठवतो. गरम होता, तापाने.

शुद्धीवर आल्यावर तिने हात खाली नेला, पांघरुणावरून चाचपले, आणि हात परत वर घेतला. बोलली नाही. मग विचारले, “पांय खंय?” पाय कुठे आहे? आम्हाला वाटले, भ्रमात आहे. तिला विचारायचे होते ते अगदी साधे होते, की कापलेला पाय कुठे ठेवला. थोरला म्हणाला, ते सगळे डॉक्टर बघतात, तू आराम कर.

त्यानंतर ती आमच्याशी अकरा दिवस बोलली नाही. हे अकरा मी मोजलेले आहेत. घरी न्यायच्या दिवशी, गाडीत, समोर बघत म्हणाली, “म्हाका कोणें विचारलें?” मला कुणी विचारले? धाकटा म्हणाला, विचारले असते तर तू नको म्हणाली असतीस आणि मेली असतीस. ती म्हणाली, म्हटले असते किंवा नसते. आणि मग माझ्याकडे वळून, “तूंय आशिल्लो मरे थंय.” तूही होतास ना रे तिथे.

मावशी पुढे नऊ वर्षे जगली. दोन नातींची लग्ने पाहिली, पणतू मांडीवर घेतला. जयपूर फूट बसवून घेतला आणि चिखलातही फिरली. तेव्हा भावांचे म्हणणे खोटे कसे म्हणू? त्या दिवशी तिला विचारले असते आणि ती नको म्हणाली असती, तर हे काही झाले नसते. दिवाळीला सगळे जमले की थोरला माझ्याकडे बघून हे हमखास बोलून दाखवायचा. माझ्याकडे त्याला उत्तर नव्हते, आजही नाही. मावशीनेही पाय कापला हे चूक झाले असे कधी म्हटले नाही. तिची तक्रार एवढीच होती की देवीला विचारतात, गाईचा व्यवहारसुद्धा विचारून करतात, आणि माझा पाय न विचारता नेला. आणि नेला तो कुठे नेला, तेही सांगत नाहीत. अर्धी मी आधीच पुढे गेले, कुठे गेले ठाऊक नाही, असे ती पडवीत बसून हसत हसत सांगायची. ऐकणारे हसायचे. मी उठून आत जायचो.

मास्तर माणूस, त्यामुळे अपराधाची टोचणी लागली की पुस्तके उघडतो. मी या विषयावर वाचत गेलो, आणि जे कळले ते मला थोडे आधीच कळायला हवे होते.

पहिली गोष्ट म्हणजे आपल्या कायद्यात सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाच्या वतीने दुसऱ्या कुणाला संमती देताच येत नाही. मुलगा असो, नवरा असो, भाचा मास्तर असो! समीरा कोहली यांच्या खटल्यात १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे स्वच्छ सांगितले आहे. दिल्लीतली १९९५ सालची गोष्ट. चव्वेचाळीस वर्षांची ही अविवाहित बाई पोटात दुर्बीण घालून तपासणी करून घ्यायला गेली. ती भुलीखाली असताना डॉक्टरांनी बाहेर येऊन तिच्या आईची सही घेतली आणि गर्भाशय व अंडाशय काढून टाकले. हेतू वाईट नव्हता, दुसऱ्यांदा भूल द्यायला नको, हा विचार. पण जीव त्या क्षणी धोक्यात नव्हता, ती थोड्या वेळाने जागी होणार होती, तेव्हा थांबून तिलाच विचारायला हवे होते, असे न्यायालय म्हणाले. आजार काय, उपाय काय, दुसरा मार्ग आहे का, धोका कोणता आणि काहीच केले नाही तर काय होईल, हे रुग्णाला सांगितल्याशिवाय घेतलेली संमती खरी नव्हे, हेही याच निकालात आहे. म्हणजे मी मावशीच्या अंगठ्याची शाई पुसत होतो त्याच्या चार वर्षे आधीच हे सगळे छापून आलेले होते.

याच निकालात एक गोष्ट मला खटकते. किती सांगायचे, याचे माप न्यायालयाने अमेरिकेइतके कडक ठेवले नाही. आपल्याकडचा बहुतेक रुग्ण गरीब, फारसा न शिकलेला, डॉक्टरवर विसंबणारा, असा त्यामागे विचार आहे. व्यवहार म्हणून मला तो कळतो. शंभर खाटांना दोन डॉक्टर असले की कोण कुणाला किती समजावणार? पण न शिकलेला म्हणजे न समजणारा, हे समीकरण कुणी मांडले? ज्या बाईला कुठल्या चढावर किती पाणी राहते हे बघून भाताचे वाण ठरवता येते, तिला सडलेल्या पायाचा हिशेब कळणार नाही? तिच्या भाषेत मांडा म्हणजे झाले. आम्ही तो मांडलाच नव्हता.

आणि समज ठरवायची कशी? इथे मला विलायतेतला एक खटला फार उपयोगी पडला. १९९३ साली लंडनच्या उच्च न्यायालयापुढे तो आला. ब्रॉडमूर या मनोरुग्णांच्या बंदिस्त इस्पितळातला अडुसष्ट वर्षांचा एक माणूस. नाव जाहीर झाले नाही, खटल्यात त्याला नुसते ‘सी’ म्हणतात. त्याला स्किझोफ्रेनिया होता, आपण जगप्रसिद्ध डॉक्टर आहोत असा भ्रम होता. त्याच्या पायाला गँगरीन झाला. शल्यविशारद म्हणाले, गुडघ्याखाली कापू, नाहीतर वाचण्याची शक्यता शंभरात पंधरा. मावशीचाच पाय जणू! तो नको म्हणाला. मृत शरीरभाग साफ करून द्यायला मात्र तयार झाला, आणि तेवढ्याने त्या वेळचा धोका टळलाही. पुढे आपल्या मनाविरुद्ध पाय कापला जाऊ नये म्हणून तो न्यायालयात गेला. न्यायाधीशांनी तीन गोष्टी पाहिल्या. सांगितलेली माहिती त्याला कळते आणि ध्यानात राहते का, ती त्याला खरी वाटते का, आणि ती तोलून तो निवड करू शकतो का. भ्रम आहे हे मान्य करूनही, या एका बाबतीत त्याची निवड त्याची स्वतःची आहे असे ठरले, आणि त्याच्या लेखी संमतीशिवाय पाय कापायला मनाई झाली.

वेड्यांच्या इस्पितळातल्या माणसाला जो मान मिळाला तो कुळगीच्या शहाण्या बाईला मिळाला नाही, असे माझ्या मनात येते. मग आठवते की मान देणारा तिथे मीच होतो.

आपल्याकडे २०१७ साली मानसिक आरोग्यसेवा कायदा झाला आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात लागू झाला. तो मानसिक उपचारांपुरताच आहे, पण त्यातल्या चौथ्या कलमात एक मुद्दा आहे तो सगळ्या इस्पितळांच्या भिंतीवर लिहावा असा आहे. एखाद्याचा निर्णय इतरांना अयोग्य किंवा चुकीचा वाटला, एवढ्यावरून त्याच्यात निर्णयाची क्षमता नाही असे समजू नये. आमच्या घरात, आणि मला वाटते तुमच्याही, नेमके उलटे चालते. म्हातारी हो म्हणाली की ती शहाणी. नको म्हणाली की तिला कळत नाही, वय झाले. होकार देताना तिची क्षमता कुणी तपासत नाही!

इथे उत्तर कन्नड जिल्ह्यातल्याच दुसऱ्या एका बाईची आठवण येते. अरुणा शानबाग होन्नावर तालुक्यातल्या हळदीपूरची. मुंबईच्या केईएम इस्पितळात परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिच्यावर हल्ला झाला आणि मेंदूला झालेल्या इजेतून ती परत आलीच नाही. १८ मे २०१५ ला गेली, साडेएकेचाळीस वर्षे त्याच इस्पितळात. तिला जेवण भरवणे थांबवावे का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने पाहिले की तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार कुणाचा. अर्ज करणाऱ्या लेखिका पिंकी विराणी यांचा की इतकी वर्षे तिची शुश्रूषा करणाऱ्या केईएमच्या माणसांचा? केईएमच्या माणसांचा, असे ठरले, आणि त्यांना ती हवी होती. दोन्ही बाजूंना तिच्याविषयी माया होती, यात मला शंका नाही. पण तिला कुणी विचारू शकत नव्हते. अरुणाला विचारणे शक्य नव्हते आणि मावशीला शक्य असून विचारले नाही, या दोन गोष्टी मी एका पारड्यात ठेवत नाही.

त्या निकालातून निघालेली वाट पुढे ९ मार्च २०१८ च्या निकालापर्यंत गेली. आपण शुद्धीवर असतानाच, पुढे बोलता येईनासे झाले तर कोणते उपचार नकोत, हे लिहून ठेवता येते असे न्यायालयाने मान्य केले. तेव्हा त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, म्हणून कुणी त्या फंदात पडत नसे. २०२३ च्या जानेवारीत ते सोपे झाले. दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. गोव्यात २०२४ साली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठावर असलेले न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे असे इच्छापत्र केले, तेव्हा वर्तमानपत्रांतून चर्चा झाली. आमच्या वाड्यावर प्रतिक्रिया एकच, अशुभ कशाला लिहायचे! असो.

आता दुसऱ्या पायाची गोष्ट.

२०१९ चा डिसेंबर. भात झोडून झाले होते. मावशीच्या डाव्या पायाची दोन बोटे काळी पडली. या खेपेला इस्पितळ वेगळे, आणि डॉक्टर एक तरुण मुलगी, बेळगावकडची, मराठी बोलणारी. तिने आल्या आल्या आम्हा तिघांना बाहेर काढले. नातेवाईक नंतर, म्हणाली. खुर्ची ओढून मावशीच्या उशाशी बसली. दार अर्धे उघडे होते, मी दाराशी उभा राहून ऐकत होतो, खोटे कशाला बोला.

तिने पंधरा-वीस मिनिटे घेतली. बोटे काढावी लागतील, कदाचित तेवढ्याने भागेल, कदाचित पुढे पायही जाईल, न काढली तर काय होईल, सगळे साध्या शब्दांत. मग म्हणाली, “आजी, मी काय सांगितले ते आता तुम्ही मला सांगा बघू.” परीक्षा घेते आहे असा सूर नव्हता. मी नीट सांगितले की नाही ते मला कळू दे, असा होता.

मावशीने सांगितले. पणसाच्या झाडाची फांदी कुजली की ती तोडायची, नाहीतर कूज खोडात उतरते. पण खोड म्हातारे असेल तर फांदी तोडूनही ते किती टिकेल, हे सांगता येत नाही. बरोबर ना? डॉक्टर हसली, बरोबर म्हणाली. मग मावशीने विचारले, घरी जाऊन येऊ का? डॉक्टरांनी दोन दिवस दिले, औषधे दिली, ताप आला तर लगेच परत यायचे या अटीवर.

आम्ही तिला कुळगीला नेले. तिने शेताला एक फेरी मारली, काठी टेकत, जयपूर फुटावर. रात्री धाकट्याने हळूच सुचवले की गोव्याला फोन करून देवीला कौल लावून घेऊ या. मावशी म्हणाली, देवीला कशाला, यावेळी मला विचारले आहे.

तिसऱ्या दिवशी तिने डॉक्टरांना सांगितले. बोटे काढा. पाय काढायची वेळ आली तर काढू नका, मला कुळगीला पाठवा. थोरला उसळला. म्हणाला, डॉक्टर, तिचे वय शहात्तर, तिला यातले काही कळत नाही, आम्ही मुलगे सही करतो. डॉक्टर शांतपणे म्हणाली, “तुम्हाला पटले नाही, हे मला कळले. त्यांना कळले नाही, असे मला दिसत नाही.” आणि मावशीचे म्हणणे तिच्या कागदावर लिहून घेतले, पायाविषयीचे वाक्य मराठीत, मोठ्या अक्षरात. परिचारिकेने सवयीने शाईची डबी आणली होती. मावशीने ती बाजूला सारली, चष्मा मागितला, कागद वाचला आणि सही केली. तीन मिनिटे तरी लागली असतील. संपूर्ण नाव, वडिलांचे नव्हे, काकांचे लावलेले, शेवटी आडनाव, आणि प्रत्येक शब्दावर सरळ शिरोरेघ.

बोटांवर भागले. पुढे दीड वर्षाने, २०२१ च्या आषाढात, ती कुळगीलाच झोपेत गेली, हृदयाच्या दुखण्याने. तो दुसरा पाय तिच्याबरोबर गेला. थोरल्याने त्या सहीबद्दल पुन्हा कधी काही काढले नाही. पण त्याला ते पटले असे म्हणवत नाही.

शस्त्रक्रियेच्या आधी डॉक्टरांनी शेवटचे विचारले होते, अजून काही विचारायचे आहे का? आम्हाला वाटले, दुखेल का म्हणून विचारील, किंवा खर्चाचे. मावशी म्हणाली, “कापलेले कुठे जाते?” डॉक्टर क्षणभर थांबली. बहुधा असे कुणी विचारले नसावे. मग म्हणाली, पिवळ्या पिशवीत घालतात, गाडी येते आणि नेऊन जाळतात, नियमच तसा आहे. “जाळतात नक्की?” नक्की. मावशीने मान हलवली.

शुद्धीवर आली तेव्हा खाटेजवळ मी होतो. तिने बोट उचलून मला जवळ बोलावले आणि म्हणाली, बघून ये. मी म्हटले, काय? म्हणाली, ती सांगते ते खरे की काय, बघून ये.

मी इस्पितळाच्या मागच्या बाजूला गेलो. तिथला माणूस आधी माझ्याकडे वेड्यासारखा बघू लागला. मी त्याला तीन वेळा समजावले, मग त्याने कुलूप काढून दाखवले. पिवळ्या पिशव्या होत्या, चिठ्ठ्या लावलेल्या. गाडी चारला येणार होती. मी चार वाजेपर्यंत तिथेच एका दगडावर बसलो. गाडी आली, पिशव्या चढवल्या, आणि चालकाला मी विचारून घेतले, कुठे नेतोस, काय करतोस. भट्टी, साहेब, म्हणाला.

वर येऊन मी मावशीला सांगितले. ती म्हणाली, “बरें.” आणि चहा मागितला.